मास्तर शाळेत आहेत, पण वर्गात आहेत का?

केनिया, टांझानिया, युगांडाच्या शाळांबद्दल काहीही वाचायला घ्या, 'शिक्षकांची गैरहजेरी' हा शब्द दुसऱ्या-तिसऱ्या ओळीत येतोच, आणि आपण मनातल्या मनात ठरवून टाकतो की तिथले मास्तर शाळेकडे फिरकतच नसणार. हे अर्धंच खरंय. त्या एका शब्दात दोन वेगळ्या गोष्टी कोंबल्यात. एक, मास्तर शाळेतच आले नाहीत. दुसरी, मास्तर आलेत, मस्टरवर सही पण झालीय, फक्त त्यांचा तास चालू आहे आणि ते वर्गात नाहीत. कागदावर दोन्ही 'गैरहजेरी'च, पण कारणं वेगळी, जबाबदार माणसं वेगळी, आणि एकावरचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही.

टांझानियाचे आकडे बघा म्हणजे कळेल. २०१० च्या पाहणीत १०० पैकी २३ शिक्षक शाळेत नव्हते आणि ५३ वर्गात नव्हते. २०१४ ला पुन्हा पाहिलं तर शाळेत नसलेले १४ वर आले, म्हणजे चांगलीच सुधारणा. पण वर्गात नसलेले? ४७. म्हणजे पहिला आकडा नऊने उतरला आणि दुसरा सहाने, आणि जे १०० पैकी ३३ जण शाळेच्या आवारात होते पण वर्गात नव्हते ते आधी ३० होते, म्हणजे थोडे वाढलेच! आता तुम्ही पेपरात पहिला आकडा छापलात तर सरकारचं कौतुक, दुसरा छापलात तर आरडाओरडा, आणि दोन्ही बातम्या खऱ्या.

हे मोजतात कसं ते पण सांगतो, कारण सगळी गोम तिथेच आहे. वर्ल्ड बँकेच्या या पाहणीत माणसं शाळेत एकदा जातात, तेव्हा दहाएक शिक्षकांची नावं निवडून घेतात, आणि मग काही दिवसांनी न सांगता परत येतात आणि त्याच दहा जणांना शोधतात. कोण शाळेत नाही, कोण आहे पण ऑफिसात आहे, कोण स्टाफरूममध्ये, कोण वर्गात आहे आणि शिकवतोय. मस्टर बघून हे कधीच कळलं नसतं. आफ्रिकेतल्या अशा सात देशांची सरासरी काढली तर ४४ टक्के शिक्षक वर्गात नव्हते, म्हणजे २३ टक्के शाळेतच नव्हते आणि उरलेले २१ टक्के शाळेत होते. निम्म्याला निम्मं म्हणा ना. वेळापत्रकात साडेपाच तासांच्या आसपास शिकवणं लिहिलेलं, मुलांच्या पदरात पडतं पावणेतीन तास. केनियात तर शाळेत न येणारे १०० त फक्त पंधराएक, पण वर्गात नसणारे जवळजवळ निम्मे, म्हणजे तिथे खरा घोळ गेटच्या आतलाच आहे.

मुलाच्या जागेवरून बघितलं तर दोन्हीत काही फरक नाही हो. केनियात शाळा केलेल्या कुणालाही विचारा, मास्तर नसले की वर्गाचा मॉनिटर खडू घेऊन पुढे उभा आणि बोलणाऱ्यांची नावं लिहितोय. ही यादी मास्तरांच्या हातात पडली की पुढे काय होतं ते सांगायला नको, आपल्याकडे पण तेच व्हायचं. पण हे मास्तर शेजारच्या खोलीत वह्या तपासतायत की ३० किलोमीटर लांबच्या गावात आहेत, ते त्या खडूवाल्या पोराला माहीतही नसतं.

कारणांमध्ये मात्र फरक पडतो. शाळेतच न येण्यामागे आजारपण, रजा, ट्रेनिंग, जिल्ह्याच्या ऑफिसची कामं, राहायला तालुक्याच्या गावी आणि नोकरी खेड्यात, असलं सगळं येतं. यातलं बरंचसं परवानगी घेऊन असतं बरं का, सगळेच काही दांडीबहाद्दर नसतात. आणि हे सुधारायचं तर वरचं खातं, बदल्या, घरांची सोय, पगार अशा गोष्टी हलवाव्या लागतात. शाळेत असून वर्गात नसणं हे तसं नाही. तिथे मास्तर आणि वर्ग यांच्यात अंतर किती, तर वीस पावलं. ती वीस पावलं मास्तरांना कोण चालायला लावणार? हेडमास्तर. आणि हेडमास्तरच स्वतः शाळेत नसेल, किंवा असेल पण गेल्या वर्षीच्या अनुदानाचे हिशोब जुळवत बसला असेल, तर कोणीच नाही. लोक याला सरळ कामचुकारपणा म्हणून मोकळे होतात, मला ते फार सोपं उत्तर वाटतं. पहिलीत ८० पोरं, पत्र्याचं छप्पर, पाऊस आला की स्वतःचाच आवाज स्वतःला ऐकू येत नाही, त्यात अर्ध्या पोरांना पुस्तकाची भाषा कळत नाही, अशा वर्गात रोज कोण आनंदाने शिरेल ते सांगा.

आता औषधाचं. राजस्थानात उदयपूरजवळ एका संस्थेच्या शाळांत एक फेमस प्रयोग झाला, मास्तरांना कॅमेरा दिला, सकाळी आणि शाळा सुटताना एका पोराने मास्तर आणि बाकीच्या पोरांचा फोटो काढायचा, आणि पगार फोटोंच्या हिशोबाने. कॅमेरा नसलेल्या शाळांत गैरहजेरी ४२ टक्के, तर कॅमेरावाल्या शाळांत २१, आणि मुलांचे मार्कही वाढले. पण त्या एकशिक्षकी शाळा होत्या! मास्तर शाळेत म्हणजे वर्गातच, दुसरीकडे जाणार कुठे, स्टाफरूमच नाही. हाच कॅमेरा केनियातल्या दहा-बारा शिक्षकांच्या शाळेच्या गेटवर लावा, फोटो झकास येतील, पण वीस पावलं तशीच राहतील. बायोमेट्रिक बसवा म्हणणाऱ्यांनी हे जरा ध्यानात घ्यावं.

याची उलटी बाजू पश्चिम केनियात दिसली. तिथे २००५ पासून काही शाळांना पहिलीसाठी एक जास्तीचा कंत्राटी शिक्षक दिला, वर्ग ८२ वरून ४४ वर आला. वाटलं आता मुलं भराभर पुढे जाणार. झालं काय, तर आधीचे कायम शिक्षक आणखी कमी शिकवायला लागले, 'आलाय ना नवीन पोरगा, बघेल तो'. त्यांच्या वर्गातल्या मुलांना पट कमी होऊनही फारसा फायदा झाला नाही. कंत्राटीवाल्यांच्या वर्गातली मुलं मात्र पुढे गेली, कारण त्यांची नोकरी दरवर्षी पालकांच्या कमिटीच्या हातात होती. आणि हो, या कंत्राटी जागांवर आधीच्या शिक्षकांचेच भाऊबंद, नातेवाईक बरेच चिकटले होते, वाचून हसू आलं, अगदी घरचं वाटलं. जिथे कमिटीच्या पालकांना नीट ट्रेनिंग दिलं तिथे हे दोन्ही प्रकार कमी झाले. म्हणजे माणसं वाढवून शाळा भरली, वर्ग आपोआप भरला नाही.

तिथेच आणखी एक गंमत. काही शाळांत पहिलीच्या दोन तुकड्या मार्कांप्रमाणे केल्या, हुशार एकीकडे आणि मागे पडलेले एकीकडे. दोन्हीकडची मुलं सुधारली, पण कायम शिक्षक वर्गात जास्त सापडायला लागले ते हुशार तुकडीत. मागच्या तुकडीला तो मान नाही मिळाला. वर्ग झेपण्यासारखा असला की पाय आपोआप तिकडे वळतात, एवढाच मी त्याचा अर्थ लावतो, तुम्ही वेगळा लावा.

वर्गात शिरले म्हणजे झालं असंही नाही, ते एक वेगळंच प्रकरण आहे. केनियात एकदा फुकट पुस्तकं वाटली तर सरासरी काही हललीच नाही, फायदा फक्त आधीच पुढे असलेल्या मुलांना, कारण पुस्तकं इंग्रजीत आणि कित्येक मुलांची ती तिसरी भाषा. टांझानियात नुसतं अनुदान दिलं, मुलामागे १०,००० शिलिंग, निकाल जिथल्या तिथे. अनुदान आणि मुलं शिकली तर शिक्षकाला बोनस, दोन्ही एकत्र दिलं तेव्हा कुठे फरक दिसला.

मुलांना खरंच वाचता येतं का हे घरोघर जाऊन तपासणारी तिकडची पाहणी आहे 'उवेझो', स्वाहिलीत त्याचा अर्थ क्षमता, २००९ पासून केनिया, टांझानिया, युगांडा या तिन्ही देशांत सुरू झाली, आणि ती कुणाच्या वळणावर बेतली तर आपल्या 'असर' पाहणीच्या, म्हणजे मुंबईत सुरू झालेल्या 'प्रथम' या संस्थेच्या. केनियात तिसरीतल्या दहा मुलांपैकी तिघांनाच दुसरीचं नीट जमत होतं हे त्यांनीच दाखवलं. आणि ही पाहणी मुद्दाम घरी जाऊन करतात, शाळेच्या हजेरीपटावर विसंबून नाही, हे मला सगळ्यात आवडलं.

आता आपल्याकडे बोट दाखवायची पाळी. २००३ च्या सुमाराला भारतातही असेच न सांगता शाळांत जाऊन शिक्षक मोजले होते, देशाचा आकडा २५ टक्के गैरहजर, त्याच वेळी युगांडाचा २७, आणि आपला महाराष्ट्र भारतात सगळ्यात भारी, १४.६ टक्के. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा छाती फुगली होती. मग नीट बघितलं तर तो आकडा शाळेत नसलेल्यांचा होता, आणि देशभरात प्रत्यक्ष शिकवताना सापडले ते जेमतेम निम्मे. आमच्या गावच्या शाळेत एक गुरुजी होते, सकाळी सगळ्यांच्या आधी हजर, एक दिवस चुकला नाही, आणि तिसऱ्या तासापासून लिंबाखाली खुर्ची टाकून तांदळाचा हिशोब, मतदार यादी, गावातल्या कुणाचे तरी दाखले. वर्गात आम्ही आणि खडू. कोणी मोजायला आलं असतं तर त्या गुरुजींची गणती हजर शिक्षकांतच झाली असती.