ग्रह : व्याख्या आणि वर्गीकरण

सूर्याभोवती फिरणारी, स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाने जवळपास गोल झालेली आणि आपल्या कक्षेचा परिसर मोकळा केलेली खगोलीय वस्तू म्हणजे ग्रह. आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटनेने ही व्याख्या 24 ऑगस्ट 2006 रोजी प्राग येथे स्वीकारली. पंचांगातले ग्रह निराळे. तिथे रवी-चंद्रही ग्रह, आणि राहू-केतू तर वस्तूच नव्हेत. चंद्राचा मार्ग क्रांतिवृत्ताला, म्हणजे सूर्याच्या आकाशातील भासमान मार्गाला, छेदतो ते हे दोन बिंदू.

खरा निवाडा तिसरी अट करते. परिसर मोकळा म्हणजे कक्षेत दुसरे काहीच नाही, असे नव्हे. गुरूच्या कक्षेत हजारो लघुग्रह आहेत, पण ते गुरूच्या गुरुत्वाने बांधलेले. पृथ्वी आपल्या कक्षेतील उरलेल्या सगळ्या वस्तूंच्या सुमारे 17 लाख पट जड आहे. प्लूटो नेपच्यूनपलीकडच्या आपल्या पट्ट्यातील इतर वस्तूंच्या दशांशही भरत नाही. 2005 मध्ये जवळजवळ तेवढाच मोठा आणि वस्तुमानाने जास्त असा एरिस हाती लागला, तेव्हा प्लूटो ग्रह की नाही, हा प्रश्न टाळणे शक्य राहिले नाही.

पहिल्या दोन अटी पाळणारे, पण तिसरी न पाळणारे आणि स्वतः कुणाचे उपग्रह नसलेले, ते बटुग्रह : सेरेस, प्लूटो, हौमिया, माकेमाके, एरिस. 1801 मध्ये सापडलेला सेरेस आधी ग्रह, मग लघुग्रह आणि आता बटुग्रह. सूर्यमालेबाहेर सीमा वस्तुमानाची : गुरूच्या सुमारे 13 पटींपुढे ड्युटेरियमचे (जड हायड्रोजनचे) संमीलन होते, आणि वस्तू तपकिरी बटू, म्हणजे ग्रह आणि तारा यांच्या मधली, ठरते.

शुक्राला आपण चांदणी म्हणतो आणि उल्का पडली की ‘तारा तुटला’ म्हणतो. गच्चीवरून ग्रह ओळखायचा तर तो क्षितिजापासून 30 अंश वर असताना पाहावा. खाली ग्रहही लुकलुकतात. मग शेजारच्या दोन ठळक ताऱ्यांसह कागदावर टिपावा : ग्रह त्यांच्या तुलनेत सरकतो. ठाण्यात हमखास होणारी चूक म्हणजे समोरच्या टॉवरच्या कोपऱ्यावरून खूण धरणे. प्रत्येक तारा रोज सुमारे 4 मिनिटे आधी मावळतो, त्यामुळे त्या खुणेने सगळेच ‘ग्रह’ ठरतात. ताऱ्यांच्या तुलनेत मंगळ सहसा आठवड्यात सरकलेला कळतो. शनीला महिना-दोन महिने द्यावेत. बुध सूर्यापासून 28 अंशांपलीकडे जात नाही. संध्याकाळी तो ठाण्याच्या पश्चिमेला असलेल्या येऊरच्या डोंगरामागे लवकर जातो. त्यासाठी नवी मुंबईत पाम बीच रस्त्याकडचे, खाडीवरचे मोकळे क्षितिज बरे.