एका खवल्यावर उमटलेली नऊ वर्षे

गंगापूर रोडला राहणारे माझे एक स्नेही, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले अभियंते, गेल्या मार्च महिन्यात केवळ मासे धरण्यासाठी अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकाला, टिएरा डेल फ्यूगो बेटावरील रिओ ग्रान्दे नदीवर जाऊन आले. नाशिकहून मुंबई, मुंबईहून ब्यूनोस आयर्स आणि तेथून पुन्हा विमानाने दक्षिणेकडे असा हा प्रवास होता. आठवडाभर झोंबत्या वाऱ्यात कमरेइतक्या पाण्यात उभे राहून त्यांनी साडेआठ किलोंचा सी ट्राउट धरला, त्याच्यासह छायाचित्र काढून घेतले आणि तो पुन्हा नदीत सोडून दिला. परत आल्यावर घरी जमलेल्या नातेवाइकांपैकी एका काकूंनी त्यांना विचारले, "अहो, एवढा खर्च करून धरला, आणि खाल्लाही नाही?" या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर त्यांच्यापाशी नव्हते. मात्र मासा सोडण्यापूर्वी तेथील वाटाड्याने त्याच्या अंगावरचा एक खवला चिमट्याने काढून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला होता आणि त्याचे छायाचित्र त्यांना दिले होते. आयुष्यभर प्राणिशास्त्र शिकवलेल्या माझ्यासारख्या माणसाला त्या साडेआठ किलोंपेक्षा हे नखाएवढे चित्र अधिक मोलाचे वाटले.

माशाच्या अंगावर खवले साधारणपणे पहिल्याच वर्षी तयार होतात आणि त्यांची संख्या पुढे वाढत नाही. मासा वाढतो तसा प्रत्येक खवला कडेने वाढत जातो. या वाढीच्या बारीक रेषा एकाबाहेर एक अशा वलयांच्या रूपाने उमटतात. अन्न मुबलक असेल तेव्हा दोन वलयांत अंतर जास्त पडते आणि हिवाळ्यात वाढ मंदावली की वलये एकमेकांना खेटून एक गडद पट्टा तयार होतो. आपल्या बाजारातील रोहूचा खवला भिंगाखाली धरला तर वलये दिसतात, पण गोठवणारा हिवाळा नसल्यामुळे वर्षांची सीमा इतकी ठळक सापडत नाही. रिओ ग्रान्दे मात्र दक्षिण गोलार्धात जवळजवळ ५४ अंश अक्षांशावर आहे, त्यामुळे तेथील हिवाळा खवल्यावर स्वच्छ नोंदला जातो. आमच्या चित्रात केंद्राजवळ दाट वलयांचा लहानसा भाग होता आणि त्यात तीन हिवाळे मोजता येत होते. त्याच्या बाहेर एकदम ऐसपैस वलये सुरू झाली होती. म्हणजे हा मासा तीन वर्षे नदीत काटकसरीने जगला आणि मग समुद्रात गेला.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. सी ट्राउट ही स्वतंत्र जात नाही. काश्मीरच्या ओढ्यांत इंग्रजांनी १९०० साली आणून सोडलेला ठिपकेदार ब्राउन ट्राउट आणि समुद्रातून परतणारा हा रुपेरी, दांडगा मासा, दोन्ही साल्मो ट्रुट्टा या एकाच जातीचे आहेत. सजीवांच्या शास्त्रीय नामकरणाची पद्धत रूढ करणाऱ्या लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७५८ मध्ये ओढ्यातला, नदीतला आणि समुद्रातून येणारा अशा तीन वेगळ्या जाती मानून त्यांना तीन नावे दिली होती, आणि बाह्यरूप पाहता त्याला दोष देता येत नाही. टिएरा डेल फ्यूगोत तर हा मासा मूळचा नाहीच. जॉन गुडॉल या गृहस्थांनी १९३५ मध्ये चिलीहून ब्राउन ट्राउटची सुमारे ६०,००० अंडी आणवून रिओ ग्रान्देच्या कान्देलारिया आणि मॅक्लेनन या उपनद्यांत सोडली. गोड्या पाण्यात राहतील या अपेक्षेने सोडलेल्या त्या माशांच्या वंशजांनी आपण होऊन समुद्राची वाट धरली. तेथील थंड समुद्रात लहान माशांची रेलचेल आहे, उलट नदीत अन्न तुटपुंजे आहे. त्यामुळे आज सरासरी चार किलोंच्या आसपासचे आणि कधीकधी दहा किलोंपलीकडचे मासे त्या नदीत परततात.

गोड्या पाण्यातला मासा खाऱ्या पाण्यात जातो हे वाक्य लिहायला सोपे आहे, पण शरीराच्या दृष्टीने ते जवळजवळ पुनर्जन्माइतके अवघड आहे. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवले की तासाभरात फोडी आकसतात आणि तळाशी पाणी सुटते, हे लोणचे घालणाऱ्या प्रत्येक घरात माहीत असते. पाणी कमी क्षार असलेल्या बाजूकडून जास्त क्षार असलेल्या बाजूकडे पाझरते. माशाच्या रक्तातील क्षारांचे प्रमाण समुद्राच्या पाण्याच्या साधारण एक तृतीयांश असते. म्हणून नदीत असताना बाहेरचे पाणी सतत त्याच्या अंगात शिरत राहते. ते पातळ मूत्रावाटे फेकून देणे आणि कल्ल्यांतील पेशींच्या साहाय्याने पाण्यातले थोडेथोडके क्षार ओढून घेणे, हे काम त्याला अखंड करावे लागते. समुद्रात उलटे घडते. तेथे तो कैरीची फोड होतो. त्याला समुद्राचे पाणी प्यावे लागते आणि कल्ल्यांतून जादा मीठ बाहेर ढकलावे लागते. हा बदल समुद्रात पोहोचल्यावर करू म्हटले तर उशीर होईल. म्हणून वसंतात दिवस मोठा होऊ लागला की संप्रेरकांच्या प्रभावाने नदीतच तयारी सुरू होते. कल्ल्यांतील क्षार बाहेर टाकणाऱ्या पेशी वाढतात, अंग सडपातळ होते आणि ग्वानिन या द्रव्याचे स्फटिक त्वचेत साठून ठिपके झाकले जातात. खुल्या समुद्रात चारही बाजूंनी प्रकाश असताना आरशासारखे चकाकणे हेच लपणे असते.

सगळी पिल्ले जात नाहीत. एकाच मातेची काही पिल्ले ओढ्यात राहतात, काही समुद्रात जातात, आणि जाणाऱ्यांत माद्यांचे प्रमाण अधिक असते. मादीच्या वजनाच्या प्रत्येक किलोमागे साधारण दीड ते दोन हजार अंडी धरली, तर अर्ध्या किलोची ओढ्यातली मादी आणि आठ किलोंची समुद्रातली मादी यांतील फरक उघड आहे. नराला मात्र अंगाने लहान राहूनही, मोठ्या जोडीच्या आडून गुपचूप घुसून, अंड्यांवर आपला हक्क साधता येतो. मासे खाणारे सील प्राणी आणि कोळ्यांची जाळी यांचा धोका पत्करून समुद्रात जाण्याची त्याला तितकीशी निकड नसते. माझ्या मते या माशाच्या जीवनक्रमातील ही सर्वांत उद्बोधक गोष्ट आहे, कारण एकाच जातीत दोन जीवनपद्धती शेजारीशेजारी टिकून राहतात आणि अन्नाचे पारडे जिकडे झुकेल तिकडे त्यांचे प्रमाण सरकते.

परतीची वाट मासा मुख्यतः वासाने शोधतो. अमेरिकेतील शास्त्रज्ञ आर्थर हॅसलर यांनी १९७० च्या दशकात मिशिगन सरोवरातील कोहो सामन (सॅल्मन) या ट्राउटच्या नात्यातल्या माशाच्या पिल्लांना मॉर्फोलिन या रसायनाच्या वासाची सवय लावून, पुढे तोच वास दिलेल्या ओढ्यात ते मोठे होऊन परततात हे दाखवून दिले होते. ट्राउटचे नाकही त्याच कुळातले आहे.

आता गळाविषयी. आपल्याकडे गळाला गांडूळ किंवा कणकेची गोळी लावतात आणि दोराला बांधलेल्या शिशाच्या वजनाने गळ लांब जातो. माझ्या स्नेह्यांनी वापरलेल्या फ्लाय फिशिंग या पद्धतीत आमिष म्हणजे आकड्यावर पिसे आणि केस बांधून केलेली माशी. तिला वजन नसते, म्हणून जाड दोरीलाच वजन दिलेले असते आणि ती चाबकासारखी हवेत उलगडत माशीला पुढे नेते. या माश्यांचा आपल्या सह्याद्रीशी जुना संबंध आहे. राखी रानकोंबड्याच्या मानेवरील पिसांवर मेणासारखे चकचकीत ठिपके असतात, आणि ते लहान माशाच्या डोळ्यासारखे भासतात म्हणून इंग्रज गळकऱ्यांना त्यांचे फार वेड होते. त्यापायी हे पक्षी इतके मारले गेले की पुढे भारताने या पिसांच्या निर्यातीवर बंदी घातली.

अंडी घालण्यासाठी नदीत आलेला सी ट्राउट जवळपास उपाशीच असतो. तरीही तो या खोट्या माशीवर झडप घालतो. समुद्रात जडलेली सवय, चीड आणि क्षणिक प्रतिक्षेप या तिन्ही गोष्टी त्यामागे सांगितल्या जातात. माझ्या स्नेह्यांना त्यांचा मासा सूर्यास्तानंतर, जेमतेम संधिप्रकाश उरला असताना, काळ्या रंगाच्या मोठ्या माशीवर लागला. अंधारात काळा रंग कशाला, असे त्यांना वाटले होते. पण मासा खालून वर पाहत असतो आणि फिकट आकाशाच्या पार्श्वभूमीवर काळी आकृतीच सर्वांत ठळक दिसते.

या साऱ्या कौतुकाला एक काळी बाजू आहे आणि ती झाकणे बरे नव्हे. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेच्या जगातील शंभर घातक आक्रमक जातींच्या यादीत ब्राउन ट्राउट आहे, आणि त्याच यादीत आपल्या धरणांत माजलेली मोझांबिक तिलापिया, म्हणजे चिलापीही आहे. दक्षिण अमेरिकेतील पुयेन नावाच्या बिनखवल्यांच्या लहान देशी माशांना ट्राउटने अनेक ठिकाणी हुसकावून लावले आहे.

आमच्या स्नेह्यांचा पुढचा प्रश्न साहजिक होता. गोदावरीत असा मासा का येत नाही? येतो, पण नाशिकपासून फार दूर, नदीच्या दुसऱ्या टोकाला. ब्रह्मगिरीवर उगम पावून १४६५ किलोमीटर वाहत गेलेली गोदावरी बंगालच्या उपसागराला मिळते तेथे पावसाळ्यात हिल्सा समुद्रातून नदीत चढतो. कोकणात त्याला पाला आणि आंध्रात पुलसा म्हणतात. राजमहेंद्रीजवळ दवलेश्वरम येथे ब्रिटिश अभियंते आर्थर कॉटन यांनी बांधलेला बंधारा १८५२ मध्ये पूर्ण झाला आणि हिल्साची वर चढण्याची वाट तेथे अडली. आयुष्यभर बंधाऱ्यांचे आराखडे पाहिलेले आमचे अभियंते हे ऐकून काही वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी खवल्याचे चित्र पुन्हा पुढे ओढले.

समुद्रातील रुंद वलयांच्या भागात चार ठिकाणी खवल्याची कड कुरतडल्यासारखी तुटलेली होती. नदीत उपाशी राहून अंडी तयार करताना मासा खवल्यातील खनिजेसुद्धा वापरून टाकतो, त्यामुळे कड झिजते. समुद्रात परत जाऊन पोट भरले की नवी वलये त्या झिजेला वळसा घालून पुढे जातात आणि व्रण कायम राहतो. प्रशांत महासागरातील बहुतेक सामन एकदाच अंडी घालून मरतात. सी ट्राउट मात्र पुनःपुन्हा येऊ शकतो. ही मादी चार वेळा अंडी घालून गेली होती, पाचव्यांदा आली होती आणि तिचे वय नऊ वर्षे भरत होते. पाचवा व्रण चित्रात नाही, कारण खवला मार्चमध्ये काढला आणि अंडी घालण्याचा काळ तेथील हिवाळ्याच्या तोंडावर येतो. चिमट्याने उपटलेल्या जागी तिला नवा खवला फुटेल, पण त्याचा मधला भाग कोरा असेल. म्हणूनच अभ्यासक वय ठरवताना एका माशाचे नेहमी चार-सहा खवले काढून पाहतात.