पार्श्वभूमी : दहावे कलम आणि वर्षाचे कंत्राट

१९५२ साली दक्षिण आफ्रिकेच्या संसदेने एक कायदा केला. त्याच्या नावात पास, म्हणजे कृष्णवर्णीयांना ये-जा करायला लागणारे परवाने, रद्द केल्याचे म्हटले होते. प्रत्यक्षात निरनिराळे जुने पास मोडीत काढून सगळ्यांच्या जागी एकच ९६ पानी पुस्तिका आली. सोळा वर्षांवरच्या प्रत्येक कृष्णवर्णीयाने ती जवळ बाळगायची आणि पोलिसाने मागितली की तिथल्या तिथे काढून दाखवायची. घरी विसरली ही सबब चालत नसे, कारण पुस्तिका जवळ नसणे हाच गुन्हा होता. आत फोटो, क्रमांक, कामगार कार्यालयाचा परवाना, मालकाचे नाव-पत्ता, कर भरल्याचे शिक्के. मालकाच्या रकान्यात दर महिन्याला सही लागे. मालक रजेवर गेला, विसरला किंवा भांडणानंतर त्याने मुद्दाम सही केली नाही, तरी उचलला जाई मजूरच. अशा खटल्यांसाठी वेगळी कोर्टे होती, तिथे एकेक प्रकरण काही मिनिटांत निकाली निघे. आपल्याला शहरात राहण्याचा हक्क आहे हे सिद्ध करायचे ओझे आरोपीवर असे. पास कायद्यांखाली १९१६ पासून १९८० च्या दशकापर्यंत १ कोटी ७० लाखांच्या आसपास लोक पकडले गेले किंवा कोर्टात उभे केले गेले, असा आकडा सहसा दिला जातो. एवढा खर्च आणि एवढी यातायात कोणतेही सरकार नुसत्या द्वेषापोटी करत नाही.

कारण शोधायचे तर सोन्याच्या खाणीत उतरावे लागते. १८८६ मध्ये जोहान्सबर्गजवळ सापडलेले सोने मुबलक होते, पण टनामागे अगदी थोडे आणि फार खोल. सोन्याचा भाव जगाच्या बाजारात बांधलेला. खर्च वाढला म्हणून खाणमालकाला तो वाढवता येत नसे. डायनामाइट, सायनाइड, यंत्रे बाहेरून येत. गोऱ्या कामगाराकडे मत होते आणि संघटना होती. कात्री लागायला उरली ती काळ्या मजुराची मजुरी. खाणींनी मजूरभरती एकत्र केली आणि १९१२-१३ च्या सुमाराला काळ्या मजुरांच्या सरासरी रोजावर आपसांत मर्यादा घालून घेतली, म्हणजे कोणी जास्त देऊन दुसऱ्याची माणसे फोडायला नकोत. १९६९ मधली काळ्या खाणकामगाराची मजुरी, महागाई वजा केली तर, १९११ मधल्यापेक्षा वर गेलेली नव्हती. तोवर गोऱ्या आणि काळ्या खाणकामगाराच्या पगारातले अंतर जवळपास वीस पटींवर पोचले होते.

एवढ्या पैशात माणूस खाणीत उतरणार कशाला? म्हणून आधी कर आले. झोपडीवरचा कर रोख भरायचा आणि रोख मिळे फक्त गोऱ्यांकडे. १८९४ च्या केपमधल्या कायद्याने तर वर्षातले तीन महिने बाहेर मजुरी केल्याचे दाखवता न येणाऱ्याला दहा शिलिंगांचा कर लावला. तो कधी नीट वसूल झाला नाही आणि १९०५ मध्ये उठलाही. नातालमध्ये गिरमिट (मजुरीचा करार) संपलेल्या हिंदी मजुरावर लावलेला तीन पौंडांचा वार्षिक कर याच जातीचा: पुन्हा करार कर, परत जा, नाहीतर पैसे भर. तो उठवावा म्हणून १९१२ मध्ये पुण्याचे नेमस्त पुढारी गोपाळ कृष्ण गोखले तिकडे जाऊन मंत्र्यांना भेटले होते, हे मराठी वाचकाला ठाऊक आहे. कर प्रत्यक्षात उठला १९१४ मध्ये, कोळसाखाणींतल्या आणि उसाच्या मळ्यांतल्या मजुरांनी संप केल्यावर.

करापेक्षा जमीन परिणामकारक ठरली. १९१३ च्या कायद्याने कृष्णवर्णीयांना जमीन घेण्यासाठी देशाचा सुमारे ७ टक्के भाग ठेवला, १९३६ मध्ये तो १३ टक्क्यांपर्यंत न्यायचे ठरले. याच कायद्याने गोऱ्याच्या जमिनीवर बटाईने पीक काढणाऱ्या काळ्या कुटुंबांवर घाला घातला. ऑरेंज फ्री स्टेटमध्ये ही कुटुंबे गुरेढोरे घेऊन रस्त्यावर आली. तरी कृष्णवर्णीयांसाठी ठेवलेले हे राखीव प्रदेश पूर्ण बुडवायचे नव्हते, तेही सोयीचे होते. बायको तिकडे मका पिकवते, मुले तिकडे वाढतात, म्हातारा तिकडेच मरतो. मग मजुरी एकट्या माणसाच्या पोटापुरती दिली की भागते. वर्णभेदाने भांडवलाचे नुकसानच झाले, असे सांगणारी एक जुनी उदारमतवादी मांडणी आहे. कारखान्यांना शिकलेले, टिकून राहणारे कामगार हवे होते, तेवढ्यापुरती ती खरी. खाणी आणि मोठ्या शेतांना ती लागू पडत नाही.

१९४८ च्या निवडणुकीआधी दोन अहवाल समोरासमोर आले होते. सरकारी अहवालाचे म्हणणे, शहरात आलेली काळी कुटुंबे आता परत जाणार नाहीत, हे मान्य करून चाला. विरोधी पक्षाच्या अहवालाचे म्हणणे, शहरात काळा माणूस पाहुणा मजूर म्हणूनच राहील. निवडणूक विरोधी पक्षाने जिंकली आणि १९५२ मध्ये शहरी भागांविषयीच्या कायद्याचे दहावे कलम नव्याने लिहिले गेले. कोणाही कृष्णवर्णीयाला शहरात ७२ तासांपेक्षा जास्त थांबता येणार नाही. अपवाद जन्मापासून तिथेच सलग राहिलेल्यांचा, एकाच मालकाकडे सलग दहा वर्षे काम केलेल्यांचा किंवा कायदेशीररीत्या सलग पंधरा वर्षे राहिलेल्यांचा, आणि अशांच्या बायका, अविवाहित मुली व लहान मुलगे यांचा. बाकी सगळे परवान्यावर. नोकरी गेली की परवाना गेला.

सगळी मेख त्या दहा वर्षांत होती. एका मालकाकडे दहा वर्षे काढली की मजुराला शहर मिळणार, पाठोपाठ त्याच्या कुटुंबालाही. म्हणून १९६८ च्या नियमांनी राखीव प्रदेशातून येणाऱ्याचे कंत्राट जास्तीत जास्त एका वर्षाचे केले. वर्ष संपले की गावच्या कामगार कार्यालयात परतायचे आणि तिथून नवा करार करून यायचे. मालकांना सरावलेला माणूस सोडायचा नसे, म्हणून ते जाताना त्याच्या हातात बोलावणीचे कार्ड देत. ते मुदतीत गावच्या कार्यालयात दाखवले की तो त्याच यंत्रावर, त्याच मुकादमाच्या हाताखाली परत. काम तेच, पण कागदावर दरवर्षी नव्याने पहिले वर्ष. कार्ड हरवले किंवा गावच्या कारकुनाने खोळंबा केला आणि मुदत उलटली, तर तेही हातचे जाई.

१९८० मध्ये अपील न्यायालयाने आधी एक वाट मोकळी केली: ज्याला दहाव्या कलमाचा हक्क आहे त्याच्या बायकोला नवऱ्याबरोबर राहायला वेगळा भाडेकरू-परवाना लागत नाही. खरा घाव १९८३ च्या निकालाचा. जोहान्सबर्गजवळच्या जर्मिस्टनमध्ये एक कामगार १९७० पासून एकाच कारखान्यात होता. प्रशासनाचा युक्तिवाद असा, की दरवर्षीचा करार वेगळा, म्हणून सेवा सलग नाही. न्यायालयाने कामाकडे पाहिले. माणूस वार्षिक रजेवर जातो आणि त्याच कामावर परत येतो, ही रजाच. ती कोणत्याही कामगाराला असते. वर्षांची बेरीज होते. सरकारने हा निकाल उघडपणे धुडकावला नाही. काही महिन्यांतच कायदा दुरुस्त करून अट घातली, की या हक्काच्या जोरावर बायकामुले आणायची तर स्वतःचे किंवा रीतसर भाड्याचे मान्य घर हवे. मजुरांच्या होस्टेलमधला बंक किंवा कोणाकडे भाड्याने घेतलेली खोली चालणार नाही. कृष्णवर्णीय वस्त्यांत कुटुंबांसाठी घरे बांधणे सरकारने साठच्या दशकाच्या अखेरीपासूनच आखडते घेतले होते. हक्क कोर्टाने दिला आणि चावी सरकारने खिशात ठेवली. वर्णभेदाच्या इतिहासात या दुरुस्तीला दोन ओळी मिळतात, हे थोडे विचित्रच आहे.

शहरातून हाकललेला माणूसही वाया जाऊ द्यायचा नाही, अशी सोय होती. पास नसताना पकडलेल्याला पोलीस ठाण्यातच विचारत: खटला हवा की शेतावर काम? बहुतेकांना अंगठा कशावर उठवला ते कळत नसे. पूर्व ट्रान्सवालमधल्या बेथालच्या बटाट्याच्या शेतांवर ही माणसे जात. कपडे काढून घेऊन अंगावर गोणपाट चढवलेले, बटाटे हातांनी उकरायचे, रात्री कुलूप. १९४७ मध्ये हे वर्तमानपत्रात आले, तरी १९५४ च्या परिपत्रकाने ती पद्धत उलट नियमात बसवली. १९५९ मध्ये नातेवाइकांनी माणसे हजर करण्याचे अर्ज कोर्टात लावले, काळ्या वस्त्यांनी बटाटा खाणे सोडले, आणि त्या वर्षी योजना थांबवावी लागली.

पास उठला १ जुलै १९८६ रोजी. खाणीतले मजूर मात्र तेव्हाही होस्टेलमध्ये एकेकटेच राहत होते, आणि हिशेब अजून मिटलेला नाही. खडकाच्या धुळीने होणारा सिलिकोसिस हा फुप्फुसांचा आजार खाण सोडल्यावर कित्येक वर्षांनीही उघड होतो. तोवर मजूर लेसोथोच्या डोंगरात किंवा ईस्टर्न केपच्या खेड्यात पोचलेला असतो, आणि तिथे एक्स-रे मिळणेच मुश्कील. भरपाईच्या कायद्यात वर्णावरून फरक होता तो १९९३ पर्यंत. २०१९ मध्ये सोन्याच्या खाणकंपन्यांशी झालेली तडजोड कोर्टाने मंजूर केली. आजाराच्या टप्प्यानुसार दावेदाराला जास्तीत जास्त ५ लाख रँडपर्यंत मिळतात. त्यासाठी खाणीतल्या सेवेची नोंद आणि वैद्यकीय पुरावा लागतो, विधवेला त्यावर मृत्यूचे आणि नात्याचे कागद. तडजोडीत १२ मार्च १९६५ नंतर खाणीत काम केलेलेच धरले आहेत. त्याआधी खाण कायमची सोडलेले तिच्यात बसत नाहीत.