सरकत्या दाराच्या अलीकडे

स्वयंपाकघर नव्याने करायला काढलं की घरातली माणसं हल्ली तीन गोष्टी एका दमात मागतात. ऊबदार हवं, सोयीचं हवं आणि आजीच्या स्वयंपाकघराची आठवण देणारं हवं. डिझायनर मान डोलावतो, लाकडी छटांचे चार नमुने पुढे करतो, पिवळ्या दिव्यांच्या जागा ठरतात आणि जुन्या फडताळाचं एक दार कुठेतरी बसवायचं, हेही ठरतं. या तीन मागण्या सख्ख्या बहिणी असल्यासारख्या एकत्र उच्चारल्या जातात. पण पहिल्या दोघींची शंभर वर्षांपूर्वी मुद्दाम, पूर्ण विचारांती ताटातूट केलेली आहे, आणि तिसरीला तर तेव्हा दारातच अडवलं होतं. आज जो निव्वळ आवडीनिवडीचा प्रश्न वाटतो त्यामागे हे जुनं भांडण आहे.

फार मागचा इतिहास थोडक्यात सांगून मोकळं होऊ. युरोपात विस्तव शतकानुशतके उघडा होता आणि घर त्याच्याभोवती जमत होतं. अठराव्या शतकाच्या अखेरीस म्युनिकच्या दरबारी असलेल्या एका शास्त्रज्ञाने बंदिस्त चुलीचे आराखडे केले. इंधन वाचावं हा त्यांचा हेतू होता. पुढच्या शतकात ओतीव लोखंडाच्या शेगड्या घरोघरी गेल्या. मग १८६९ मध्ये दोन अमेरिकन बहिणींनी गृहव्यवस्थेवर पुस्तक लिहिलं आणि त्यात आगबोटीच्या भटारखान्याचा दाखला दिला: बोटीवर दोनशे माणसांचा स्वयंपाक एवढ्याशा खोलीत होतो आणि आचाऱ्याला हवी ती वस्तू एक-दोन पावलांत हाताशी येते, मग घरातल्या बाईने दिवसभर का चालावं? खिडकीपाशी सलग फळी, तिच्याखाली पिठाचे डबे, वर कप्पे, असा त्यांचा आराखडा होता. आज आपण ज्याला ओटा आणि खालची कपाटं म्हणतो त्याचं बीज तिथे दिसतं. फक्त ते रुजायला आणखी अर्धं शतक गेलं.

दरम्यान पावलं मोजण्याचं वेड आलं. १९११ मध्ये कारखान्यांसाठी ‘शास्त्रीय व्यवस्थापन’, म्हणजे कामगाराची हालचाल मोजून काम आखायची पद्धत, पुस्तकरूपाने आलं आणि वर्षभरात एका अमेरिकन लेखिकेने तेच तत्त्व घरात आणलं. १९१२ च्या तिच्या लेखमालेतून आणि पुढच्या पुस्तकातून दोन आकृत्या गाजल्या: एका स्वयंपाकघरात बाईच्या फेऱ्यांच्या रेषा कोळ्याच्या जाळ्यासारख्या गुंतलेल्या, दुसऱ्यात त्याच फेऱ्या सरळ आणि आखूड. तिचं पुस्तक १९२२ च्या सुमारास जर्मन भाषेत गेलं आणि तिथल्या तरुण वास्तुविशारदांच्या टेबलावर पडलं. आमच्या विषयाची खरी गोष्ट इथून सुरू होते.

पहिल्या महायुद्धानंतर फ्रँकफर्टमध्ये घरांची भीषण टंचाई होती. शहराने मोठ्या प्रमाणावर स्वस्त भाड्याची घरं बांधायला घेतली आणि त्या घरांच्या स्वयंपाकघराचं काम एका ऑस्ट्रियन वास्तुविशारद तरुणीकडे आलं. वय एकोणतीस. १९२६ मध्ये तिने जे आखलं ते पुढच्या चार-पाच वर्षांत सुमारे १०,००० घरांत बसलं. रुंदी १.९ मीटर, लांबी ३.४ मीटर, म्हणजे साडेसहा चौरस मीटरच्या आतबाहेर. आगगाडीच्या भोजनडब्यातलं स्वयंपाकघर हा तिचा नमुना होता. आगगाडीत माणूस स्वयंपाक करतो, वाढतो आणि खाली उतरून आपल्या घरी जातो, हा भाग मात्र नमुन्यातून वगळला गेला, अशी माझी एक कुरकुर आहे.

तरीही त्या खोलीतली एकेक वस्तू जवळून बघण्यासारखी आहे. पिठाचा खण ओक लाकडाचा, कारण त्या लाकडातल्या द्रव्यामुळे पिठाला कीड लागत नाही. चिरायची फळी बीच लाकडाची, तीही खिडकीखाली, आणि तिच्यापुढे फिरतं स्टूल, म्हणजे बसून काम करता यावं. इस्त्रीची फळी भिंतीला मिटून लावलेली. छतावर रूळ आणि त्यावर सरकणारा दिवा. लाकडी कामाला निळा-हिरवा रंग, कारण त्या रंगावर माश्या बसत नाहीत अशी तेव्हा समजूत होती. आणि सगळ्यात देखणी गोष्ट म्हणजे ॲल्युमिनियमचे छोटे खण. साखर, तांदूळ असं प्रत्येकावर लिहिलेलं. खणाला एका टोकाला मूठ, दुसऱ्या टोकाला निमुळतं तोंड. ओढायचा, उचलायचा आणि सरळ पातेल्यात ओतायचा. डबा काढा, झाकण उघडा, वाटी शोधा, ही भानगडच नाही.

गंमत अशी की हे सगळं आखणाऱ्या बाईने तोपर्यंत संसार केला नव्हता आणि स्वयंपाकही केला नव्हता. ती स्वतःच हे पुढे मोकळेपणाने सांगत असे. तिची टिंगल करायला हे वाक्य नेहमी वापरतात, पण मला त्यात टिंगलीचं काही दिसत नाही. सवयीने जे दिसेनासं होतं ते तिला दिसलं.

वाद वेगळ्याच गोष्टीवर होता, आणि तो अजून मिटलेला नाही.

तोवर जर्मन कामगारांच्या घरात ‘राहतं स्वयंपाकघर’ असे. तिथेच रांधायचं, तिथेच जेवायचं, मुलं तिथेच अभ्यास करणार, आठवड्याची आंघोळ तिथेच, आणि पुष्कळदा कोणीतरी झोपायलाही तिथेच. यामागे कौटुंबिक जिव्हाळा वगैरे फार नव्हता. कोळशाची एकच शेगडी परवडत होती आणि थंडीत जिथे ती जळते तिथेच माणूस राहणार. नव्या वास्तुविशारदांना ही खोली बघवत नव्हती. ओली हवा, कोळशाची राख, वाफ, त्यातच अंथरूण आणि त्यातच आजारी माणूस; क्षय घरोघरी होता त्या काळात हा आक्षेप हवेतला नव्हता. त्यांनी ठरवलं की स्वयंपाकाची खोली फक्त स्वयंपाकाची. ती लहान ठेवायची, म्हणजे वाचलेल्या जागेत आणि भाड्यात एक खरी बैठकीची खोली मिळेल. ‘कामाचं स्वयंपाकघर’ ही संज्ञा अशी आली. गॅस आणि वीज आल्यामुळे हे शक्यही झालं, कारण रांधण्याची आच आणि खोली तापवण्याची आच यांचा संबंध तुटला.

दोन खोल्यांच्या मध्ये ठेवलं होतं एक सरकतं दार.

आखणाऱ्या बाईचं म्हणणं असं, की दार उघडं ठेवलं की पलीकडे खेळणारं मूल दिसतं, ताटं चार पावलांत टेबलावर जातात, आणि हवं तेव्हा दार ओढून घेतलं की वास आणि वाफ बाहेर जात नाही. म्हणजे तिच्या मनात स्वयंपाकघर एकटं नव्हतंच. बैठकीसकट ते एक होतं. भाडेकरूंचा अनुभव मात्र वेगळा होता. आत दुसऱ्या माणसाला उभं राहायला जागा नाही. टेबल मावत नाही. घरातून आणलेलं जुनं कपाट तर मावायचा प्रश्नच नाही, कारण सगळं भिंतीला ठोकूनच आलेलं. खणांवर कोणत्या जिनसाचं नाव असावं हेही दुसऱ्याने ठरवलेलं, आणि त्यातले खालचे खण लहान मुलांच्या बरोब्बर हाताशी. सासरहून किंवा माहेरून आलेली वस्तू ठेवायला जागा नसलेलं हे बहुधा पहिलंच स्वयंपाकघर असावं. वारसा दारातच अडला म्हणालो तो असा.

त्याच दशकाच्या अखेरीस म्युनिकमध्ये तडजोडीचा एक प्रयोग झाला. तिथे स्वयंपाक आणि बैठक यांच्यामध्ये काचेची भिंत घातली. वास अडतो, नजर अडत नाही. मला हा उपाय फ्रँकफर्टपेक्षा शहाणपणाचा वाटतो, पण प्रसिद्धी फ्रँकफर्टला मिळाली. त्याहून वाईट म्हणजे नक्कलही अर्धवट झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर स्वस्त घरं बांधणाऱ्यांनी त्या आराखड्यातलं लहानपण तेवढं उचललं. सरकतं दार, ओकचे खण, फिरतं स्टूल हे खर्चिक भाग पुष्कळ ठिकाणी गळाले. उरली एक अरुंद खोली आणि तिच्यात भिंतीकडे तोंड करून उभी एकटी बाई. १९७० च्या दशकात स्त्रीवाद्यांनी याच चित्रावर टीका केली आणि ती मूळ आराखड्याच्या माथी मारली गेली. टीका योग्य होती, पत्ता थोडा चुकला होता.

आता ‘ऊब’ या शब्दाकडे येऊ, कारण तो इथे फार गुंता करतो. राहत्या स्वयंपाकघरातली ऊब ही शब्दशः ऊब होती. ती कोळशाची होती आणि तिच्यासोबत राख, काजळी आणि गर्दी येत होती. शेगडी गेली, शब्द राहिला. आज ऊबदार म्हटलं की गडद लाकूड, तांब्याची भांडी, उघड्या फळ्या आणि पिवळा उजेड असा अर्थ होतो. म्हणजे ऊब देण्याचं काम विस्तवाकडून रंगाकडे गेलं. यात काही गैर नाही. फक्त ‘पूर्वीची ऊब परत आणू’ असं कोणी म्हणालं की पूर्वी ती कोणाला मिळत होती हे विचारून घ्यावं. शेगडीपाशी उभ्या असलेल्या बाईला ती जरा जास्तच मिळत होती.

भाषेनेही हा बदल टिपला आहे. सुताराशी बोलताना आपण ‘किचन’ म्हणतो आणि आजीबद्दल बोलताना ‘स्वयंपाकघर’. खोली तीच, पण एका शब्दात मापं आहेत आणि दुसऱ्यात माणसं.

अमेरिकेत गोष्ट थोडी वेगळ्या वळणाने गेली. १९२९ मध्ये ब्रुकलिनमधल्या एका गॅस कंपनीसाठी एका अभियंता-मानसशास्त्रज्ञ बाईने नमुना स्वयंपाकघर आखलं. स्ट्रॉबेरीचा केक करण्याची चाचणी घेतली तेव्हा आधी २८१ पावलं लागत होती, नव्या मांडणीत ४५ लागली. १९४० च्या दशकात इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधकांनी शेगडी, सिंक आणि फ्रिज यांच्यातल्या अंतराचा नियम घातला: तिन्ही बाजूंची बेरीज १३ ते २६ फूट. हाच तो प्रसिद्ध ‘कामाचा त्रिकोण’. त्यामागे बांधकामाचा खर्च आटोक्यात आणण्याचीही गरज होती, हे सहसा सांगितलं जात नाही. आणि त्रिकोणाच्या मध्ये एकच माणूस गृहीत धरलेला आहे. सासू-सून, नवरा-बायको, आजी-नातू एकत्र कामाला लागले की त्रिकोण गेला उडत. तिथे एकमेकांच्या कोपरांचा हिशोब लागतो.

उंचीचंही तसंच. पावलं मोजणाऱ्या त्या सुरुवातीच्या बायकांचं म्हणणं स्पष्ट होतं: ओट्याची उंची बाईच्या उंचीवरून ठरवा. पण १९३० च्या दशकात सलग, एकसंध ओटा लोकप्रिय झाला आणि सिंक, शेगडी, फळी सगळं एका पातळीत आलं. एक पातळी म्हणजे एक उंची, आणि ती ३६ इंच ठरली. कोपर दुमडून उभं राहिल्यावर त्याच्या खाली साधारण १० ते १५ सेंमीवर चिरण्याचं काम सोयीचं होतं, मळण्याचं त्याहून खाली. आजीच्या ओट्याची नक्कल करताना तिची उंची कोणी विचारत नाही. नात आजीपेक्षा वीतभर उंच असेल तर तोच दगड, तीच कड, आणि रात्री कंबर धरून बसायचं.

पुढचं सगळं आपल्या डोळ्यांसमोर घडलं असल्यासारखं परिचित आहे. १९५९ मध्ये मॉस्कोतल्या प्रदर्शनात दोन महासत्तांचे नेते एका नमुना स्वयंपाकघरात उभे राहून वाद घालत होते, इतकं ते प्रतिष्ठेचं झालं होतं. भिंती पडल्या, बैठक आणि स्वयंपाक पुन्हा एक झाले. १९८२ मध्ये एका जर्मन ग्राफिक डिझायनरने भिंतीला चिकटलेल्या ओट्यांविरुद्ध पुस्तकच लिहिलं आणि मधोमध कामाचं टेबल ठेवा म्हणून सांगितलं, म्हणजे माणसं समोरासमोर येतील. त्याच दशकात इंग्लंडमध्ये ‘न ठोकलेलं’ स्वयंपाकघर निघालं: सुटी कपाटं, सुटं टेबल, वेगवेगळ्या उंच्या. साठ वर्षांपूर्वी भाडेकरू जे आत घेऊ पाहत होते ते जुनं कपाट आता महागड्या कॅटलॉगात सन्मानाने उभं राहिलं. इकडे फ्रँकफर्टच्या मूळ घरांतली बहुतेक स्वयंपाकघरं दुरुस्तीत उखडली गेली होती. जी वाचली त्यांतली काही संग्रहालयांत गेली आणि ते ॲल्युमिनियमचे खण जुन्या वस्तूंचे शौकीन सुटे सुटे विकत घेऊ लागले.

संग्रहालयाचा विषय निघालाच आहे तर आणखी एक स्वयंपाकघर सांगायला हवं. वॉशिंग्टनमध्ये एका अमेरिकन पाककला-लेखिकेचं स्वयंपाकघर जसंच्या तसं ठेवलेलं आहे. बाई सहा फूट दोन इंच, म्हणून ओटा ३८ इंचांवर. मध्यभागी साधं मोठं टेबल. कुठेही जुन्याची हौस म्हणून लावलेली वस्तू नाही. जे आहे ते रोज वापरून जुनं झालेलं. भिंतीवर भोकांची फळी, तिला हुक, हुकांना तव्या-पातेल्यांची रांग, आणि प्रत्येक भांड्यामागे त्याच्या आकाराची बाह्यरेषा काढलेली. ती नवऱ्याने काढली. भांडं कोणीही घासलं तरी त्याला ते परत जागेवर लावता यावं, म्हणून.