बाहुलीघरातलं बाथरूम

बाहुलीघरात म्हणजे डॉलहाऊसमध्ये बसवायचं कमोड, बेसिन, टब, नळ, शॉवर, टाइल्स, आरसा, टॉवेल हे सगळं छोट्या मापात हाताने बनवायचं काम. मिनिएचरच्या छंदातली ही सगळ्यात नखरेल खोली. बेडरूम, किचन, दिवाणखाना बऱ्याच जणांना जमतो कारण तिथलं बहुतेक सामान लाकूड आणि कापड, आणि छोटं लाकूडही लाकूडच दिसतं. बाथरूममध्ये मात्र चिनी माती, क्रोम, काच आणि पाणी, आणि यातली एकही गोष्ट लहान केल्यावर नीट वागत नाही, पाणी तर अजिबातच नाही.

मोठ्यांच्या छंदात जगभर जास्त चालणारं माप म्हणजे 1:12, खऱ्या घरातला एक फूट म्हणजे इथला एक इंच. (1:24 आणि 1:48 पण चालतं, लुंडबी या स्वीडिश कंपनीची घरं 1:18 ची असतात, बार्बीचं सामान 1:6 च्या आसपास, म्हणून बार्बीचा टब आणून 1:12 च्या घरात ठेवला की तो स्विमिंग पूल होतो.) 1:12 मध्ये पाच फुटी टब पाच इंचाचा, 16 इंच उंचीचं कमोड साधारण 34 मिमी, 32 इंचावरचं बेसिन 68 मिमीच्या आसपास आणि चार इंची टाइल साडेआठ मिमी. लांबी-रुंदी सगळे मोजतात पण जाडी कोणी मोजत नाही, आणि काम फसतं ते तिथेच. दोन मिमीचा आरसा लावला तर हिशोबाने तो 24 मिमी जाड झाला, टाइल्समध्ये एक मिमी फट ठेवली तर ती सव्वा सेंटीमीटरची भेग झाली. दिवाळीच्या किल्ल्यावर मावळा बुरुजापेक्षा उंच असला तरी कुणाची हरकत नसते, इथे जाडीत एक मिमी चुकला तरी बघणाऱ्याला काहीतरी खटकतं, काय खटकतंय ते मात्र सांगता येत नाही.

जुन्या बाहुलीघरांत बाथरूम नसायचंच बहुतेक, कारण खऱ्या घरांतही नव्हतं. तेव्हा बेडरूममध्येच हात-तोंड धुवायचं स्टँड, त्यावर जग आणि बाउल, आणि पलंगाखाली भांडं, एवढ्यावर भागायचं आणि बाहुल्यांचंही तेवढ्यातच उरकायचं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्याच्या सुरुवातीला जर्मन खेळणीवाल्यांनी पत्र्याची बाथरूम काढली, त्यात भिंतीमागे छोटी टाकी असायची आणि नळातून खरंच पाणी यायचं. नंतर अमेरिकेत टूट्सीटॉयने धातूचं आणि रेनवॉलने प्लास्टिकचं फर्निचर विकलं, त्यात बाथरूमचा सेट असायचाच.

पण या विषयातलं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण म्हणजे इंग्लंडच्या राणी मेरीचं बाहुलीघर. 1921 ते 1924 मध्ये बांधलेलं, 1:12 च्या मापाचं, आर्किटेक्ट एडविन लटियन्स, तेच ते नवी दिल्लीवाले. दीड हजाराच्या आसपास कलाकार, कारागीर आणि कंपन्यांचा हात लागलेलं हे घर 1924 ला वेम्बलीच्या प्रदर्शनात ठेवलं होतं, आता विंडसर कॅसलमध्ये आहे. त्यात वीज आहे, लिफ्ट आहे, गरम आणि गार पाण्याचे चालू नळ आहेत आणि संडासाला फ्लशही आहे. शिकागोच्या म्युझियममधला कॉलीन मूर या सिनेनटीचा परीमहाल दुसरं टोक, तिथे राजकन्येच्या बाथरूममध्ये चांदीचा टब आहे. आणि शिकागोच्याच आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये थॉर्न रूम्स म्हणून 68 छोट्या खोल्या आहेत, त्यात क्रांतीच्या काळातलं एक फ्रेंच बाथरूमही आहे. माझ्या मते शिकायचं असेल तर या थॉर्न खोल्या बघाव्यात, राजेशाही घरात चमत्कार जास्त दिसतो.

चालू पाण्याचा चमत्कार घरी करायला जाऊ नये याला कारण आहे. 1:12 म्हणजे लांबी बारा पट कमी पण आकारमान 1728 पट कमी. दीडशे लिटरचा टब इथे 87 मिलीत भरतो, सहा लिटरचा फ्लश साडेतीन मिलीचा होतो, म्हणजे चमचाभरही नाही. आणि थेंब काही लहान होत नाही, पृष्ठताणामुळे त्याचा आकार खऱ्या बाथरूममध्ये असतो तेवढाच राहतो, त्यामुळे छोट्या नळाला लटकलेला थेंब बाहुलीच्या मुठीएवढा दिसतो आणि बारीक पाइपात पाणी चिकटून बसतं, पडतच नाही. म्हणून पाणी दाखवायचं तर यूव्ही रेझिन (अतिनील प्रकाशात कडक होणारा पारदर्शक द्रव) किंवा दोन भाग मिसळल्यावर कडक होणारं इपॉक्सी, तेही पातळ थरांत, कारण जाड ओतलं तर गरम होतं, बुडबुडे अडकतात आणि कधीकधी खालचं प्लास्टिकही वाकतं.

आता बनवण्याकडे. कमोड आणि बेसिनसाठी पॉलिमर क्ले, म्हणजे ओव्हनमध्ये भाजून कडक होणारी प्लास्टिकची माती, सगळ्यात सोयीची कारण भाजल्यावर ती जवळजवळ आकसत नाही. एअर ड्राय क्ले स्वस्त आहे पण वाळताना आकसते आणि कडांना चिरा जातात. आपल्याकडे बरेच जण सरळ एम-सील वापरतात आणि ते वाईट नाही, फक्त हात ओले ठेवून पटापट आकार द्यावा लागतो. खरी पोर्सलीन करणारेही आहेत, ती भट्टीत साधारण 12 ते 15 टक्के आकसते म्हणून साचाच तेवढा मोठा करतात. कमोड एकदम घडवायचं नाही, बूड, भांडं, टाकी आणि सीट वेगवेगळं करून जोडायचं, भांड्याचा खड्डा गोटीवर किंवा पेनाच्या गोल टोकावर दाबून काढायचा. पांढऱ्या क्लेला धूळ आणि कपड्यांचे धागे इतके चिकटतात की रंगीत स्वेटर घालून कामाला बसूच नये, आणि ओटीजीत भाजताना वर फॉइल झाकावी नाहीतर पांढऱ्याचं बदामी होतं.

चकाकी आणायला पहिल्यांदा सगळ्यांच्या मनात नेलपॉलिश येतं. पॉलिमर क्लेवर ते लावू नये, त्यातल्या सॉल्व्हंटने क्ले मऊ होते आणि पुढे कायम चिकट राहते. ॲक्रिलिक रंगाचे पातळ हात, मधे बारीक पॉलिश पेपर, वर पाण्यातलं ग्लॉस व्हार्निश, हे बरं. ऑइल बेसचं व्हार्निश वर्षा-दोन वर्षांत पिवळं पडतं. नेलपॉलिश एम-सीलवर चालतं.

नळांसाठी इमिटेशन ज्वेलरीच्या कच्च्या मालासारखं दुसरं काही नाही, मुंबईत भुलेश्वर आणि पुण्यात रविवार पेठेत मणी, टोप्या, कड्या, पिना सगळं मिळतं, दोन मणी आणि वाकवलेली पिन की नळ तयार. जोडायला फेविक्विक वापरलं तर आरसा आणि पारदर्शक शीट लांब ठेवावी, त्याच्या वाफेने काचेवर पांढरट धुरकं बसतं आणि पुसून जात नाही. शॉवरची काच म्हणजे ओएचपी शीट, प्रोजेक्टरसाठी मिळते ती पारदर्शक प्लास्टिकची. टाइल्स एकेक चिकटवण्यापेक्षा पातळ प्लास्टिक शीटवर सुईने रेघा ओढून त्यात पातळ करडा रंग भरून वरचा पुसून घ्यायचा, सांधे आपोआप बारीक येतात.

टॉवेलची वेगळीच कटकट आहे. खरा टॉवेल स्वतःच्या वजनाने लोंबतो, दोन इंची फडक्याला वजनच नसतं त्यामुळे ते दांड्यावर ताठ उभं राहतं. मग मलमल घ्यायची, पाणी घातलेल्या फेविकॉलमध्ये बुडवायची आणि घड्या पाडून तशीच वाळवायची.

मराठी घरांत टब नसतो पण बाहेरच्या किटमध्ये तो हमखास असतो, हे जरा गमतीचंच आहे. आपल्या भातुकलीत आंघोळीचं सामान आधीपासून आहे, तांब्या-पितळेचा इवलासा बंब, घंगाळ, बादली, तांब्या, पाट, फक्त ते मोजून एका स्केलमध्ये केलेलं नसतं आणि खेळायला तसं असायची गरजही नाही. स्केलमध्ये देशी बाथरूम करायचं तर 20 लिटरची बादली साडेअकरा मिलीची होते, म्हणजे औषधाच्या बाटलीवरच्या मापाच्या टोपणाएवढी, तेच टोपण रंगवून तारेची कडी लावली की झालं. बादलीतल्या मगासाठी इंजेक्शनच्या सुईचं टोपण वापरतात, त्याऐवजी गोळीच्या पाकिटातला एक खळगा कापून घ्यावा, आकार जास्त बरोबर येतो. मोरीचा उंबरा दोन इंच धरला तर चार मिमीची पट्टी पुरते, फरशीला भोकाच्या बाजूने किंचित उतार द्यायला विसरू नये, तो नसला की मोरी मोरी वाटत नाही. गीझर सगळ्यात सोपा, लिप बामची गोल डबी पांढरी रंगवायची, खाली दोन वायरी आणि लाल दिव्यासाठी रंगाचा एक ठिपका.