जाहिरातीत ‘फाइव्ह स्टार’ आहे, पण मार्क कुठायत? गाडीचा सेफ्टी स्कोर कसा ठरतो, कसा तपासायचा आणि तक्रार कुठे करायची

मागच्या महिन्यात मामेबहिणीसोबत गाडी बघायला गेलो होतो. तिचा मुलगा तीन वर्षांचा, त्यामुळे तिचा पहिला प्रश्न हाच की मागच्या सीटवर लहान मूल किती सेफ आहे. सेल्सच्या मुलाने भिंतीवरच्या पोस्टरकडे बोट दाखवलं, पाच मोठे पिवळे स्टार, म्हणाला ताई फाइव्ह स्टार आहे, काळजीच करू नका. पोस्टरच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात एक ओळ होती, ती मी मोबाइलचा कॅमेरा झूम करून वाचली तेव्हा कळलं की ते स्टार मोठ्या माणसांच्या सेफ्टीचे आहेत. मुलांचे मार्क पोस्टरवर कुठेच नव्हते.

जाहिरातीत नुसते स्टार असावेत की टेस्टचे नेमके मार्क पण छापू द्यावेत, यावर तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय की कंपन्यांना सगळे मार्क छापू द्यावेत, फक्त अट एकच, छापायचे तर पूर्ण मार्कशीट छापा, आवडत्या विषयाचे तेवढे नाही. असं का म्हणतोय ते कळायला आधी हे मार्क येतात कुठून ते बघू.

रेटिंगसाठी अर्ज कोण करतं

सेंट्रल मोटर व्हेइकल रूल्समध्ये १२६ई हा नियम आहे, त्याखाली १ ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप, म्हणजे गाड्या धडकवून बघून त्यांना सेफ्टीचे मार्क आणि स्टार देणारी आपली सरकारी योजना, सुरू झाली. अर्ज करते गाडी बनवणारी किंवा इम्पोर्ट करणारी कंपनी, फॉर्म ७०-ए भरून. आपण ग्राहक म्हणून अर्ज करू शकत नाही. गाडी एम१ कॅटेगरीतली पाहिजे, म्हणजे ड्रायव्हर सोडून जास्तीत जास्त आठ सीटची, आणि भरलेल्या गाडीचं वजन साडेतीन टनांपर्यंत. पेट्रोल, डिझेल, सीएनजी, इलेक्ट्रिक सगळं चालतं. कंपनीवर सक्ती नाही, त्यामुळे एखाद्या गाडीचं रेटिंगच नाही असं दिसलं तर त्याचा अर्थ ती नापास झाली असा नसतो, पण ती परीक्षेला बसलीच नसेल तर का नाही बसली हे शोरूममध्ये विचारायचा हक्क आपल्याला आहे.

चांगली गोष्ट ही की कंपनी स्वतः तयार करून आणलेली गाडी टेस्टला देऊ शकत नाही, एनकॅपची माणसं प्लांटमध्ये जाऊन बेस व्हेरियंटमधून गाडी निवडतात. टेस्ट झाली, रिझल्ट मंजूर झाला की पुण्याची सीआयआरटी (सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ रोड ट्रान्सपोर्ट) सर्टिफिकेट देते आणि मार्क एनकॅपच्या साइटवर सगळ्यांसाठी येतात.

मार्कांचा हिशोब

मोठ्यांसाठी ३२ मार्क, त्यातले १६ समोरच्या धडकेचे, ६४ च्या स्पीडने गाडीचा ४० टक्के भाग बॅरिअरवर आदळवतात, आणि १६ बाजूच्या धडकेचे, तिथे ५० च्या स्पीडने येणारी ट्रॉली गाडीच्या दारावर आदळते. मुलांसाठी वेगळे ४९ मार्क, त्यात डमीवरच्या टेस्टचे २४, चाइल्ड सीट नीट बसते का याचे १२ आणि गाडीतल्या सोयींचे १३. शिवाय तीन किंवा जास्त स्टार पाहिजे असतील तर खांबाची साइड टेस्ट, ईएससी (गाडी घसरायला लागली तर सावरणारी यंत्रणा), पुढच्या सीटबेल्टचा रिमाइंडर हे पण लागतं.

आता खरी गोम इथे आहे. मोठ्यांच्या ३२ पैकी २७ पडले की पाच स्टार, आणि ३२ पैकी ३२ पडले तरी पाचच स्टार. दहावीला ७५ टक्केवाला पण डिस्टिंक्शन आणि ९८ वाला पण डिस्टिंक्शन, तसंच हे. मुलांच्या ४९ पैकी ४१ ला पाच स्टार. म्हणजे काठावर पाच स्टार मिळवलेली गाडी आणि पैकीच्या पैकी घेतलेली महिंद्रा एक्सईव्ही ९ई पोस्टरवर अगदी सारख्याच दिसणार. ज्या कंपनीने त्या वरच्या पाच मार्कांसाठी गाडीत जास्तीचा खर्च केला तिला ते सांगता आलं नाही तर पुढच्या मॉडेलला ती तो खर्च कशाला करेल.

मारुती बलेनोचं बघा. भारत एनकॅपने तिचं दोन एअरबॅगवालं आणि सहा एअरबॅगवालं अशी दोन्ही मॉडेलं तपासली, मार्क आले २४.०४ आणि २६.५२. स्टार दोन्हीला चारच! अडीच मार्कांचा फरक स्टारमध्ये कुठेच दिसला नाही, आणि मुलांसाठी त्याच गाडीला तीन स्टार. नुसतं ‘फोर स्टार’ ऐकणाऱ्याला यातलं काहीच कळणार नाही.

पण नुसता आकडा पण फसवतो, हे पण तितकंच खरं. नव्या डिझायरला ग्लोबल एनकॅपने (अशाच टेस्ट घेणारी परदेशी संस्था) मोठ्यांसाठी ३१.२४ मार्क दिले आणि भारत एनकॅपने २९.४६. पहिला आकडा जास्त वाटतो ना? ग्लोबलचे मार्क ३४ पैकी आहेत आणि भारतचे ३२ पैकी, टक्के काढले तर दोन्ही साधारण ९२. आणि २०१८ मध्ये नेक्सॉनला पाच स्टार मिळाले तेव्हा ते १७ पैकी १६.०६ होते, त्या जुन्या परीक्षेचा पेपरच वेगळा आणि सोपा होता. म्हणून ‘पैकी किती’, कुठली एनकॅप आणि कुठलं वर्ष हे आकड्याच्या शेजारीच पाहिजे.

अमेरिकेत याच्यावरून भांडण झालंय. २०१३ मध्ये टेस्लाने मॉडेल एसला ५.४ स्टार आहेत असं सांगितलं, तेव्हा तिथल्या एनएचटीएसए या सरकारी संस्थेने जाहीर केलं की आम्ही पाचच्या वर स्टार देत नाही आणि गाड्यांचे नंबर पण लावत नाही. २०१८ मध्ये मॉडेल ३ मध्ये इजा होण्याची शक्यता सगळ्यात कमी असा दावा केला त्यावर पण संस्थेने नोटीस पाठवली. त्यांचं एक म्हणणं मला पूर्ण पटतं, समोरच्या धडकेचा स्कोर साधारण सारख्या वजनाच्या गाड्यांमध्येच तोलायचा, छोट्या हॅचबॅकचे ३० आणि दोन टनांच्या एसयूव्हीचे ३० एक नाहीत. पण तो ५.४ कंपनीने स्वतः हिशोब करून काढलेला आकडा होता, आपल्याकडचे पॉइंट एनकॅपच स्वतः दशांशापर्यंत जाहीर करते, मग तेच आकडे जसेच्या तसे छापण्यात वावगं काय?

जाहिरात फसवी वाटली तर

आधी बीएनकॅप डॉट इन वर जाऊन किंवा गाडीच्या रेटिंग स्टिकरवरचा क्यूआर कोड स्कॅन करून त्या गाडीचं पान उघडा आणि व्हेरियंट, तारीख, दोन्ही मार्क जुळवा. आकडा चुकीचा आहे, टेस्ट एका व्हेरियंटची आणि जाहिरात दुसऱ्याची आहे, जुनं रेटिंग आजचं म्हणून दाखवलंय किंवा ‘देशातली सगळ्यात सेफ गाडी’ असं कशाच्याही आधाराशिवाय लिहिलंय, यात तक्रारीला दम आहे. फक्त मुलांचे मार्क छापले नाहीत एवढ्यावर तक्रार टिकेलच असं धरून चालू नका, म्हणूनच मी म्हणतोय की पूर्ण मार्कांची अट नियमातच यायला पाहिजे.

सगळ्यात सोपी जागा म्हणजे मुंबईची एएससीआय, जाहिरातींवर लक्ष ठेवणारी जाहिरात क्षेत्राचीच संस्था. कोणीही तक्रार करू शकतं, गाडी घेतलेली असायची गरज नाही, ऑनलाइन फॉर्म आहे, पैसे लागत नाहीत. ते जाहिरात बदला किंवा काढा असं सांगतात, पण दंड करू शकत नाहीत. दुसरं, १९१५ ही नॅशनल कन्झ्युमर हेल्पलाइन, मराठीतून बोलता येतं. तिसरं, ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम १७ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे किंवा थेट केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाकडे लेखी किंवा ऑनलाइन तक्रार. प्राधिकरण पहिल्या वेळी १० लाखांपर्यंत आणि पुन्हा केलं तर ५० लाखांपर्यंत दंड लावू शकतं. त्यांच्या २०२२ च्या गाइडलाइन्समध्ये हे पण आहे की डिस्क्लेमर दाव्याच्याच भाषेत आणि ठळक दिसेल अशा जागी पाहिजे, म्हणजे वर मराठीत दावा आणि खाली इंग्रजीत बारीक ओळ असेल तर तो मुद्दा तक्रारीत नक्की लिहा.

स्वतःचे पैसे किंवा भरपाई पाहिजे असेल तर मात्र जिल्हा ग्राहक आयोग. इथे तुम्ही गाडी घेतलेली पाहिजे आणि ती धंद्यासाठी नको, स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः चालवायची टॅक्सी असेल तर चालते. दोन वर्षांच्या आत, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात अर्ज करता येतो, वकील लागतोच असं नाही. फी किती रक्कम दिली त्यावर, ५ लाखांपर्यंत काही नाही, १० लाखांपर्यंत २०० रुपये, २० लाखांपर्यंत ४०० आणि ५० लाखांपर्यंत १०००.

कागदपत्रं म्हणाल तर जाहिरातीचा पूर्ण फोटो किंवा स्क्रीनशॉट तारखेसकट, होर्डिंग असेल तर ठिकाण, पेपरमधली असेल तर पेपरचं नाव आणि आवृत्ती. बारीक ओळीचा वेगळा जवळून फोटो घ्याच, कारण नंतर पोस्टर बदलतात. सोबत साइटवरच्या रेटिंगची प्रिंट. आयोगात जायचं असेल तर ब्रोशर, कोटेशन, बुकिंगची पावती, इनव्हॉइस, ओळखपत्र, प्रतिज्ञापत्र आणि सेल्सवाल्यासोबतचं व्हॉट्सअॅप चॅट. चॅट आणि स्क्रीनशॉटला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं सर्टिफिकेट जोडावं लागतं, ते विसरलं की तिथेच अडतं.

आणि हे सगळं करायची वेळच येऊ नये म्हणून टोकन द्यायच्या आधी शोरूमला एक मेल टाका, तुम्ही घेताय त्या व्हेरियंटचं पूर्ण नाव, एअरबॅग किती, मोठ्यांचे ३२ पैकी आणि मुलांचे ४९ पैकी मार्क किती, टेस्ट कधीची, हे लेखी मागा. बहिणीने तेच केलं. दोन दिवस लावले त्यांनी, दोनदा फोन करावा लागला, पण उत्तर आलं, मुलांचे मार्क साइटवरच्याशी जुळवून बघितले आणि मगच तिने टोकन भरलं.