गच्चीवरची टाकी आणि फ्रिजमधला बर्फ

दारातूनच थंड पाणी आणि बर्फ देणारे मोठे फ्रिज आता पुण्यातल्या फ्लॅटमध्येही दिसू लागले आहेत. त्यातल्या काहींना आत एक छोटी टाकी असते. ती हाताने भरायची, नळाशी त्यांचा संबंध नाही. बाकीच्यांच्या पाठीमागे खाली पाव इंची नळीचं तोंड असतं आणि तिथे पाण्याची लाइन द्यावीच लागते. काम वरवर सोपं आहे. सिंकखालच्या अँगल कॉकपाशी, म्हणजे भिंतीतल्या पाइपवरच्या छोट्या बंद-चालू नळापाशी, टी (तीन तोंडांचा जोड) बसवायची आणि आरओला लावतात तसली पांढरी नळी फ्रिजपर्यंत न्यायची. पण त्या नळीतल्या पाण्याला दाब किती, हे फारसं कुणी विचारत नाही. माझ्या मते पहिला प्रश्न तोच असायला हवा.

फ्रिजच्या त्या तोंडाशी विजेवर चालणारी एक छोटी झडप असते, सोलेनॉइड व्हॉल्व्ह. विजेने झडप उघडते आणि स्प्रिंगने बंद होते, असं आपण धरून चालतो. खरी रचना जास्त हुशार आहे. आत रबराचा एक पातळ पडदा असतो आणि त्याला सुईच्या टोकाएवढं भोक असतं. लाइनमधलं पाणी त्या भोकातून पडद्याच्या वरच्या बाजूला जाऊन साठतं. आता दाब दोन्ही बाजूंना सारखाच, पण वरच्या बाजूला तो पडद्याच्या पूर्ण क्षेत्रफळावर पडतो, खाली मात्र बाहेर जाण्याच्या वाटेभोवतीच्या कडेवरच. त्यामुळे पडदा घट्ट दाबून बसतो. वीज मिळाली की वरची एक बारीक वाट उघडते, साठलेलं पाणी निघून जातं आणि खालचा दाब पडदा उचलतो. वीज गेली की ती वाट मिटते, वर पुन्हा पाणी भरतं, पडदा पुन्हा बसतो. म्हणजे झडप बंद ठेवण्याचं मुख्य काम पाण्याचा स्वतःचा दाब करतो.

याचा परिणाम आपल्या अंदाजाच्या उलट होतो. दाब कमी असला की फ्रिजला पाणी हळू येईल, एवढंच आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात कमी दाबाने पडदा नीट बसत नाही आणि झडप झिरपत राहते. बर्फाच्या साच्यात थेंब थेंब पाणी पडत राहतं, खडे एकमेकांना चिकटून त्यांचा गड्डा होतो आणि कधी पाणी उतू जाऊन खाली येतं. अशा वेळी फ्रिज खराब निघाला असं समजून आधी कंपनीकडे तक्रार जाते. त्याआधी दाब तपासावा.

फ्रिजच्या माहितीपुस्तिकेत लाइनचा किमान दाब साधारण २० ते ३० पीएसआय (दाबाचं एकक, एका चौरस इंचावर किती पौंड भार) आणि कमाल १२०च्या आसपास दिलेला असतो. पुण्यातल्या बहुतेक सोसायट्यांत महापालिकेचं पाणी आधी जमिनीखालच्या टाकीत पडतं, पंपाने गच्चीवर चढतं आणि तिथून आपल्या वजनाने खाली येतं. एक मीटर उंचीचं पाणी सुमारे १.४ पीएसआय दाब देतं. हिशेब घरी बसून करता येतो. सगळ्यात वरच्या मजल्यावर फ्रिजच्या झडपेपासून टाकीतल्या पाण्यापर्यंत फार तर ५ मीटर अंतर, म्हणजे ७ पीएसआय. एक मजला ३ मीटरचा धरला, तर वरून चौथ्या मजल्यावर १४ मीटर होतात आणि दाब कसाबसा २०वर पोचतो. त्याच्या वर राहणाऱ्यांनी नुसत्या टाकीच्या भरवशावर लाइन जोडू नये. प्रेशर पंप असेल तर गोष्ट वेगळी. उंच टॉवरमध्ये खालच्या मजल्यांची अडचण उलटी असते. ९० मीटर खाली दाब १२५च्या पुढे जातो, म्हणून तिथे दाब कमी करणारे व्हॉल्व्ह बसवावे लागतात.

बाथरूममध्ये बादली झटकन भरते म्हणून दाब चांगला आहे असं समजू नका. बादली किती लवकर भरते हे पाइपच्या जाडीवरही अवलंबून असतं. थांबलेल्या पाण्याचा दाब मात्र फक्त उंचीवर ठरतो, पाइप जाड असो की बारीक. नळाला लावायचं प्रेशर गेज हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. त्याने एकदा मोजावं.

‘आरओचीच लाइन फ्रिजला देतो,’ असं फिटिंगवाला म्हणाला, तर थोडं थांबा. भिंतीवरच्या आरओतला पंप पाणी मेम्ब्रेनमध्ये, म्हणजे क्षार अडवणाऱ्या बारीक पडद्यात, ढकलण्यासाठी असतो. शुद्ध झालेलं पाणी त्यानंतर साध्या प्लास्टिकच्या टाकीत पडतं. ती टाकी फ्रिजच्या झडपेपेक्षा दीड मीटर उंच, म्हणजे दाब जेमतेम २ पीएसआय. इथे पुढे वेगळा पंप तरी लागतो, नाहीतर सिंकखाली बसणारा, दाबाखाली पाणी साठवणारी टाकी असलेला आरओ.

दाबानंतर पाण्याचा गुण. खडकवासल्याहून येणारं धरणाचं पाणी तुलनेने मृदू असतं. उपनगरांत अनेक ठिकाणी बोअरवेलचं किंवा टँकरचं पाणी त्यात मिसळतं. बोअरवेलचं पाणी बेसॉल्टच्या भेगांतून येताना कॅल्शियम आणि मॅग्नेशियम घेऊन येतं. बर्फ बनताना पाण्याचे रेणू स्फटिकात आपली जागा धरतात आणि क्षारांना बाहेर ठेवतात. खडा बाहेरून आत गोठत जातो, त्यामुळे क्षार आणि विरघळलेली हवा मध्यभागी कोंडली जाते. खड्याचा मधला भाग पांढरा दिसतो तो त्यामुळे. अशा क्षारयुक्त पाण्याचा खडा सरबतात विरघळला की तळाशी पांढरे कण उरतात. ते बहुतेक कॅल्शियम कार्बोनेट असतं, पोटाला घातक नाही. पण तोच थर झडपेच्या त्या बारीक भोकातही बसतो आणि झडप पुन्हा झिरपू लागते.

फ्रिजमधला फिल्टर यावर उपाय नाही. तो सहसा सक्रिय कार्बनचा असतो. क्लोरीनचा वास आणि गाळाचे कण काढतो, विरघळलेले क्षार काढत नाही. क्लोरीन गेल्यावर पुढच्या नळीत साचून राहिलेल्या पाण्याला जंतूंपासून संरक्षणही उरत नाही. म्हणून गावाला जाताना अँगल कॉक बंद करावा आणि परतल्यावर आधी काही ग्लास पाणी सोडून द्यावं. गुरुवारी दुरुस्तीसाठी पाणी बंद राहून शुक्रवारी गढूळ आलं, तर त्या दिवशीही हेच करावं. गोठवल्याने जंतू मरतात यावर विसंबू नये. बरेचसे तग धरून राहतात.

जोडणी करताना नळी पिण्याच्या पाण्यासाठीचीच घ्या, तिचं टोक ब्लेडने सरळ कापा आणि फ्रिज पुढे ओढता येईल एवढी नळी मागे वेटोळी करून ठेवा. फ्रिजसाठी अँगल कॉक वेगळा असू द्या, पहिल्या दिवसाचा बर्फ टाकून द्या. जोड कोरडे आहेत ना, हे दुपारी पाहून भागत नाही. रात्री इमारतीतले नळ बंद असतात, वाहत्या पाण्याचं पाइपशी होणारं घर्षण थांबतं आणि लाइनमध्ये उंचीचा पूर्ण दाब उतरतो. तेव्हा पहिल्या रात्री जोडाखाली कोरडा कागद पसरून ठेवा आणि सकाळी तो तपासा.